घराचे दार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)





अशा समारंभाला बोलावलेल्या पाहुण्याने एखादा मोठा विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. माझा आजचा विषय लहान आहे. मी आपल्या घराच्या दाराविषयी बोलणार आहे. हे भाषण स्मरणिकेसाठी लिहून काढताना, जे त्या संध्याकाळी येऊ शकले नाहीत त्या वाचकांशीही मी बोलतो आहे असे समजावे.

आपण आज येथे येण्यासाठी निघालात तेव्हा शेवटचे काम कोणते केले? दार ओढून घेतले, कडी लावली, कुलूप अडकवले आणि ते नीट लागले की नाही हे एकदा ओढून पाहिले. घरी परतल्यावर पहिले काम तेच उलट क्रमाने कराल. दिवसातून दहा वेळा ज्याला आपला हात लागतो त्या दाराकडे आपण कधी थांबून पाहत नाही. माझे वय आता असे झाले आहे की मागे वळून पाहण्यात पुष्कळ वेळ जातो. तसे पाहताना माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी कोणत्या ना कोणत्या दाराशीच घडल्या असे मला दिसून आले.

प्रथम शब्दांपासून सुरुवात करू. मराठीत आपण नुसते 'घर' म्हणत नाही, 'घरदार' म्हणतो. सर्वस्व गेलेला माणूस घरदार सोडून जातो. मदतीसाठी वणवण करणारा दारोदार फिरतो. एकाच कामासाठी वारंवार खेपा घालणारा उंबरठे झिजवतो. ज्याच्याशी संबंध ठेवायचा नाही त्याला आपण दारात उभे करीत नाही. भिंतीवर, छपरावर किंवा खिडकीवर इतके वाक्प्रचार क्वचितच सापडतील.

'दार' हा शब्द संस्कृत 'द्वार'पासून आला. फारसीत दाराला 'दर' म्हणतात आणि इंग्रजीत 'डोअर'. हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. 'दरवाजा', 'दरवान', 'दरबार', 'दर्गा' या शब्दांत तोच फारसी 'दर' बसलेला आहे. आपले 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'पासून आले. अरबीत दाराला 'बाब' म्हणतात. ग्रंथाच्या प्रकरणालाही अरबी-फारसीत 'बाब' हाच शब्द आहे. शेख सादींचे 'गुलिस्ताँ' हे पुस्तक आठ बाबांचे आहे, म्हणजे त्या बागेला आठ दारे आहेत. हाच शब्द मराठीत येऊन 'ही बाब महत्त्वाची आहे' असा कचेरीतला शब्द झाला. विद्यार्थी मित्रहो, पुस्तकाचे नवे प्रकरण उघडताना आपण एका दारातून आत जात आहोत, एवढे लक्षात ठेवलेत तरी आजच्या भाषणाचे काही सार्थक होईल.

आता प्रत्यक्ष दाराकडे वळू. आमचे घर कोकणात खाडीच्या काठी. समोर अंगण, मग ओटा, मग पडवी आणि पडवीच्या मागे मुख्य दार. चौकट फणसाच्या लाकडाची होती. घर बांधताना आधी चौकट उभी करतात आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवतात, हे लहानपणी शेजारचे घर बांधले जात असताना मी पाहिले. मला तेव्हा मोठे नवल वाटले होते. भिंत बांधून झाल्यावर तिला भोक पाडून दार बसवीत असतील, अशी माझी समजूत होती. सुताराने हसून सांगितले, "बाळ, माणूस कुठून येणार हे आधी ठरवायचे. भिंत काय, नंतर कुठेही बांधता येते."

दार बुटके होते. उंच माणसाला वाकूनच आत यावे लागे. उंबरठा चांगला वीतभर उंच होता, म्हणजे पावसाचे पाणी आणि विंचूकाटा आत येऊ नये. दाराच्या दोन फळ्या आतल्या बाजूला उघडत. घराचे दार बहुधा आतच उघडते. सिनेमागृहाचे किंवा मोठ्या सभागृहाचे दार मात्र बाहेर उघडणारे ठेवतात, कारण आग लागली तर गर्दीला क्षणात बाहेर पडता आले पाहिजे. सभागृहाच्या दाराला जाणाऱ्याची काळजी असते, घराच्या दाराला येणाऱ्याची. बाहेर उभ्या असलेल्या पाहुण्याच्या अंगावर दार येऊ नये आणि घरच्याने मागे सरून त्याला वाट द्यावी, ही त्या रचनेतच सोय आहे. पावसाळ्यात लाकूड फुगले की आमचे दार घट्ट बसे आणि खांदा लावून ढकलावे लागे. तेव्हा दादी म्हणायची, "दारानेसुद्धा ओढून घेतले आहे, आता कोणी भिजत बाहेर जाऊ नका."

त्या दाराची एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. त्याला आतून अडसर होता, पण बाहेरून कुलूप लावण्याची काही सोयच नव्हती. ना कडी, ना कोयंडा. कारण घर रिकामे राहील ही कल्पनाच ते बांधणाऱ्याच्या मनात नव्हती. कोणी ना कोणी आत असणारच. म्हातारी असेल, बाळंतीण असेल, आजारी असेल, पण घरात माणूस असेल.

आमचे अब्बा बोटीवर होते. दहा-अकरा महिन्यांनी ते घरी येत. आपल्या प्रवासाच्या हकिकती सांगताना ते बाब-अल-मंदेबचे नाव हमखास घेत. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या त्या सामुद्रधुनीच्या नावाचा अर्थ अश्रूंचे दार असा आहे. तेथून बोट जाताना जुने खलाशी गप्प होतात, असे ते सांगत. आम्हा मुलांना मात्र आमच्या घराचे दारच अश्रूंचे वाटे. अब्बा निघत तेव्हा आई उंबरठ्याच्या आत आणि दादी उंबरठ्याच्या बाहेर उभी राही. कोणी मोठ्याने रडत नसे. अब्बा वळणावर दिसेनासे झाले की दादी प्रथम आत येऊन चुलीकडे जाई.

आणि ते परत येत तेव्हा? स्वतःच्या घरात शिरायला कोणाची परवानगी लागते? पण अब्बा अंगणातच खाकरत, ओट्याशी चपला काढत, मोठ्याने सलाम करीत आणि आतून जबाब आल्यावरच उंबरठा ओलांडीत. मी एकदा विचारले, "अब्बा, घर आपलेच आहे ना?" ते म्हणाले, "घर आपले आहे, पण आत माणसे आहेत."

हे वाक्य मी आयुष्यभर जपले आहे. त्यामागची शिकवण मोठेपणी वाचनात आली. घरात शिरताना सलाम करावा, हे कुरआन शरीफच्या सूरह नूरमध्येच सांगितले आहे. परक्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये. आत कोणी नसेल तर शिरू नये. आणि परत जा असे सांगितले तर परत फिरावे, त्यातच अधिक पावित्र्य आहे, असाही आदेश त्याच सूरहमध्ये आहे. इस्लामपूर्व काळात अरबस्तानात हजचा एहराम बांधलेले काही लोक घरात मागच्या बाजूने शिरण्याला पुण्य समजत. सूरह बकरामध्ये ती समजूत मोडून काढली आणि घरात दारानेच यावे असे सांगितले.

हदीसच्या ग्रंथांत तर दाराचे शिष्टाचार किती बारकाईने आले आहेत! हजरत जाबिर एकदा वडिलांच्या कर्जाच्या कामासाठी पैगंबरसाहेबांकडे गेले आणि त्यांनी दार वाजवले. आतून विचारणा झाली, कोण आहे? जाबिर म्हणाले, मी. हे उत्तर पैगंबरसाहेबांना आवडले नाही. 'मी' तर प्रत्येकजणच असतो. नाव सांगितले पाहिजे. पैगंबरसाहेब कोणाच्या दाराशी गेले की समोरासमोर उभे राहत नसत, उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहत, कारण त्या काळी दारांना पडदे नसत आणि नजर सरळ आत जाण्याचा संभव असे. हजरत आयेशा यांनी विचारले की मला दोन शेजारी आहेत, भेट कोणाला पाठवू? उत्तर मिळाले, ज्याचे दार अधिक जवळ त्याला.

आणखी एक प्रसंग. हजरत अबू मूसा अश्अरी हे खलिफा हजरत उमर यांच्या दाराशी गेले. तीन वेळा परवानगी मागितली. उमर कामात होते, उत्तर आले नाही. अबू मूसा परत फिरले. उमर यांनी मागाहून बोलावून विचारले, का परत गेलात? त्यांनी सांगितले की तीनदा विचारून उत्तर न आल्यास परत जावे, असे पैगंबरसाहेबांनी सांगितले आहे. उमर यांनी यावर साक्षीदार मागितला आणि अबू सईद खुद्री यांनी साक्ष दिली. ज्याच्या नावाचा दरारा दूरदूरच्या मुलखांपर्यंत होता, त्या खलिफाने हा नियम आपल्याला ठाऊक नसल्याचे कबूल केले. दार वाजवणाऱ्याचा नियम एका सामान्य घरालाही लागू आणि खलिफाच्या घरालाही.

या सगळ्याचा अर्थ मी असा समजतो की दार ही विचारण्याची आणि उत्तर देण्याची जागा आहे. बाहेरच्याने विचारावे, आतल्याने उत्तर द्यावे. हो म्हणावे किंवा नाही म्हणावे, पण उत्तर द्यावे. फळ्या, कडी, कोयंडा ही नंतरची सामग्री. याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शनि शिंगणापूर हे गाव आपणा सर्वांस ऐकून ठाऊक असेल. श्रद्धेमुळे तेथील घरांना परंपरेने कवाडे बसवीत नाहीत, नुसती चौकट असते. २०११ साली तेथे एका बँकेने कुलपाशिवाय शाखा उघडली तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला. पण कवाड नाही म्हणून कोणी सरळ स्वयंपाकघरापर्यंत चालत जातो काय? नाही. लोक चौकटीशी थांबून हाक मारतात. फळ्या नसल्या तरी दार आहेच.

आता मी कुलपाकडे येतो. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांत कामे निघाली. आमच्या भागातून बोटीवर जाणारे होतेच. आता कुवेत, दुबई, सौदीला जाणारे वाढले. मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांनी मुंबई गाठली. १९७७ साली दादी गेली. तिचा जनाजा त्याच बुटक्या दारातून वाकवून बाहेर काढला. दोन वर्षांनी आम्हा मुलांच्या शिक्षणासाठी आई आम्हाला घेऊन मुंबईस निघाली. सुताराला बोलावून दाराला प्रथमच बाहेरून कडी-कोयंडा ठोकावा लागला. तो ठोकेपर्यंत आई पडवीत पाठ करून बसली होती. कुलूप लागले आणि किल्ली आम्ही शेजारच्या काकींच्या हाती दिली. काकी हिंदू, आम्ही मुसलमान; पण किल्ली दुसऱ्या कोणाला द्यावी हा विचारही मनात आला नाही. दार जवळचे तेच होते.

पुढे गावात पैसा आला. बुटकी दारे जाऊन सागवानी नक्षीची, पितळी मुठींची मोठी दारे आली. पण त्यांतली कित्येक वर्षातले अकरा महिने कुलपात असत. दार मोठे झाले आणि उघडण्याचे दिवस कमी झाले. कोणी जाऊ नये असे मी म्हणत नाही, आम्हीही गेलोच. पण दारातून बाहेर पडणाऱ्याने मागे किल्ली कोणाच्या भरवशावर ठेवली आहे, याचे स्मरण ठेवावे. मी ते ठेवले नाही. ती गोष्ट आज प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे.

मुंबईत आम्ही प्रथम चाळीत राहिलो. चाळीतले दार सकाळी उघडे ते रात्री निजताना लागे. मध्ये फक्त कापडी पडदा. नोकरीत स्थिर झाल्यावर मी ब्लॉक घेतला. त्या दाराला डोळ्याइतके भिंग होते. आतून बाहेरचा दिसे, बाहेरच्याला आतले दिसत नसे. मला त्याचे तेव्हा कौतुक वाटले.

मग १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी आला. त्या दंगलींविषयी मी फार बोलणार नाही. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांना सांगण्याची गरज नाही. एवढेच सांगतो की दारावरची नावाची पाटी मी स्वतःच्या हाताने स्क्रू काढून उतरवली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवली. समोरच्या बिऱ्हाडातील गृहस्थांनी आमच्या दोन मुलांना दोन रात्री आपल्याकडे झोपवले. सकाळी ते दार वाजवीत आणि मी विचारण्याआधीच आपले नाव सांगत, म्हणजे मी घाबरू नये. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण भीती काही त्यांच्या उपकारांनी गेली नाही. शहर शांत झाले, मुले शाळेत जाऊ लागली, तरी मी दारावर पाटी लावली नाही आणि अनोळखी हाताने कडी वाजली की माझ्या छातीत धडधड होई.

त्याच वर्षी जूनमधली एक दुपार. घरात मी एकटाच. कडी वाजली. मी भिंगातून पाहिले. सतरा-अठरा वर्षांचा एक अनोळखी मुलगा, हातात पत्र्याची पेटी. मी विचारले, "कोण?" तो म्हणाला, "मी." मी पुढे काही विचारले नाही. श्वास रोखून उभा राहिलो. त्याने थोडे थांबून पुन्हा कडी वाजवली. मग तिसऱ्यांदा. नंतर त्याने दाराखालून एक कागद आत सरकवला आणि जिना उतरून गेला. त्याच्या चपलांचा आवाज पार बंद होईपर्यंत मी हललो नाही.

मग मी कागद उचलला. तो काकींनी कोणाकडून तरी लिहवून घेतला होता. नातवाला मुंबईत कॉलेजात प्रवेश घ्यायचा आहे, चार दिवस ठेवून घ्यावे, पोर अबोल आहे, एवढाच मजकूर. आणि शेवटी एक ओळ : घराची काळजी करू नका, किल्ली माझ्याकडे आहे.

मी तसाच अनवाणी खाली धावलो. नाक्यापर्यंत गेलो, बसथांब्यावर पाहिले, स्टेशनवर गेलो. तो सापडला नाही. मागाहून कळले की त्याने दोन रात्री स्टेशनाच्या बाकावर काढल्या आणि प्रवेश घेतला. अल्लाहच्या कृपेने त्याचे पुढे चांगले झाले. त्यात माझा काही वाटा नाही.

पुढच्या मे महिन्यात मी गावी गेलो. काकींना काय तोंड दाखवावे हे मला कळेना. त्या नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन आल्या. घर आधीच झाडून, शेणाने सारवून ठेवले होते. मी म्हणालो, "काकी, त्या दिवशी मी घरातच होतो." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पोराने नाव सांगायला हवे होते." एवढे बोलून त्यांनी माझा सगळा अपराध आपल्या नातवाच्या पदरात घातला आणि मला मोकळे केले. पण मी मोकळा झालो नाही.

बंधुभगिनींनो, मी त्या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला. त्या मुलाला हदीस ठाऊक नव्हती, पण तीनदा कडी वाजवून तो निमूटपणे परत फिरला. बाहेरच्याचा नियम त्याने पाळला. मी मात्र हदीस वाचलेला माणूस. माझे चुकले ते दार बंद ठेवण्यात नव्हे. घाबरलेल्या माणसाला दार बंद ठेवण्याचा अधिकार आहे. परत जा असे सांगण्याचाही अधिकार धर्माने घरमालकाला दिला आहे. माझे चुकले ते आत असून उत्तर न देण्यात. "बाळ, तू कोणाचा?" एवढे बंद दाराआडून विचारले असते तरी काकींचे नाव ऐकून दार उघडले असते. भीतीने माझे दार लागले होते, पण माझी जीभ कशाने लागली होती?

हे जे माझ्या घराचे झाले ते घराघरांत निराळ्या रीतीने होत असते. पालकांनी हे विशेष ऐकावे. आपली मुले आपले दार वाजवीत असतात. मुलगा परीक्षेत नापास होतो आणि दोन दिवस घुटमळतो. मुलगी काही विचारायला येते आणि 'काही नाही' म्हणून परत जाते. ती तीनदा येतील. तीनदा उत्तर आले नाही की परत फिरतील आणि कोणत्या बाकावर रात्र काढतील हे आपल्याला कळणारही नाही. त्यांनी मागितलेली प्रत्येक गोष्ट द्या असे मी सांगत नाही. 'नाही' हेही उत्तरच आहे. पण आपण घरात आहोत हे त्यांना कळू द्या.

तसेच, मुलांनी आईवडिलांच्या खोलीत शिरताना विशिष्ट वेळी परवानगी घ्यावी, हे सूरह नूरमध्ये आहे आणि ते आपण मुलांना शिकवतो. पण मुलांनाही दार असते हे आपण विसरतो. वाढत्या वयाच्या मुलीची वही, मुलाला आलेले पत्र, आज म्हणाल तर त्याचा मोबाईल, हे उघडण्यापूर्वी आपण कधी खाकरतो काय? लक्ष ठेवू नये असे नाही. त्या लहानशा यंत्रातून जगातला कोणीही, न विचारता, थेट मुलाच्या उशाशी येऊन बसू शकतो. तेव्हा लक्ष ठेवलेच पाहिजे. पण लक्ष ठेवायचे ते मुलाच्या शेजारी बसून, त्याला विचारून, समोरच्या दाराने. मागच्या दाराने शिरण्यात पुण्य नाही.

मुलींच्या बाबतीत एक शब्द बोलतो. आपल्या पुष्कळ घरांत एकच दार मुलाला बाहेरच्या बाजूने उघडते आणि मुलीला फक्त दोनदा उघडते, एकदा लग्नात आणि एकदा जनाज्यात. अशा वेळी मला पुण्याच्या गंज पेठेतील एका दाराची आठवण होते. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. पुढच्या वर्षी त्यांना आणि सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. त्या वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असे फुल्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. त्याच घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सोबतीण झाल्या, असेही त्यांत येते. सावित्रीबाई आजारपणात माहेरी होत्या तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्यामागे फातिमेला त्रास पडत असेल, अशी काळजी आहे. विचार करा. ज्यांना सख्ख्या बापाच्या घराचे दार लागले, त्यांच्यासाठी हे दार उघडले, आणि ते त्यांना आत घेण्यापुरतेच उघडले नाही; त्याच दारातून त्या घरची मुलगीही शिकवायला बाहेर पडली. एका दाराने दोन कामे केली.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला तीन गोष्टी सांगून मी संपवतो. पहिली, कोणाच्याही दाराशी गेलात की आपले पूर्ण नाव सांगा. नोकरीच्या दाराशी, कचेरीच्या दाराशी, शेजाऱ्याच्या दाराशी. नुसते 'मी' म्हणू नका. आपले नाव सांगण्याची लाज बाळगू नका आणि भीतीही बाळगू नका. दुसरी, तीनदा विचारून नकार आला तर मनात आकस न ठेवता पुढच्या दाराकडे चला. अबू मूसा खलिफाच्या दारातून रागावून परतले नव्हते. आणि तिसरी, एक दिवस तुम्ही स्वतः दाराच्या आत असाल. खुर्चीवर बसाल, अधिकार येईल, घर होईल. तेव्हा बाहेर कोणी पेटी घेऊन उभा असेल. त्याला आत घेता आले तर घ्या, नाही घेता आले तर तसे सांगा, पण आत असून नसल्यासारखे राहू नका.

आमचे गावचे घर अजून उभे आहे. चौकट तीच आहे, फळ्या एकदा बदलल्या. काकी आता नाहीत. किल्ली त्यांच्या नातवाकडे असते, ज्याला मी दार उघडले नव्हते त्याच नातवाकडे. तो आता गावीच मास्तर आहे. मी आधी कळवले नाही तरी मे महिन्यात मी पोहोचेन त्या दिवशी अंगण झाडलेले असते. मुंबईच्या दारावर मी पाटी पुन्हा लावली, त्याला आता बरीच वर्षे झाली. आणि कडी वाजली की भिंगातून पाहण्याआधी मी आतून मोठ्याने विचारतो, "कोण? नाव सांगा, मी घरातच आहे."



खुदा हाफिज. जय हिंद.